पुढून धरणारी गाडी

आमच्या भागात फोर-व्हीलची गाडी वर्षातले आठ-नऊ महिने टू-व्हीलवरच चालते. धाराशिव जिल्ह्यात पाऊस पडला तर जून ते सप्टेंबर, त्यातही मधे लांब खंड. बाकीचा काळ वाटा कोरड्या, मुरमाड, धुळीच्या. माझं गॅरेज सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळ्याजवळ आहे. तिथून बार्शी, कळंब, वाशी, भूम अशा सगळ्या दिशांना रस्ते फुटतात, आणि त्या रस्त्यांनी जुन्या महिंद्रा गाड्या माझ्याकडे येतात. बहुतेक येतात त्या पहिल्या दमदार पावसानंतरच्या आठवड्यात. तोवर पुढच्या चाकांचं लिवर कुणी हलवलेलंच नसतं. गाडी रुतली, लिवर टाकलं आणि काहीच झालं नाही, किंवा नको ते झालं, की फोन वाजतो.

इंजिन वापरानं झिजतं, ब्रेक वापरानं झिजतात. फोर-व्हील मात्र आमच्याकडं न वापरल्यानं मरते. हे मत मी ऐकून बनवलेलं नाही, उघडलेल्या हबांमधून बनलेलं आहे. ज्या गाड्यांना पुढं लॉकिंग हब बसवलेत, त्यांचे हब वर्षभर सुटेच ठेवलेले असतात. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट होतं, सरकणारी दातेरी कडी जागीच गंजते. डायल फिरवली की वरून ‘लॉक’ दिसतं, आत काहीच सरकलेलं नसतं. मग माणूस दोन्ही बाजूंना उतरून, चिखलात गुडघे टेकवून, डायल फिरवून येतो, आत बसून लिवर ओढतो, आणि मागचीच दोन चाकं खड्डा खोदत राहतात.

आमची माती समजून घेतल्याशिवाय या गाडीचं मोल कळत नाही. बालाघाटच्या पठारावर माती उथळ, खाली मुरूम. तिथं पाऊस झाला तरी तासाभरात वाट चालती होते. पण सीना, मांजरा, तेरणा यांच्या खोऱ्यात उतरलं की काळं, भारी रान लागतं. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी बसते की चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. मागच्या दोनच चाकांना ओढ असेल तर तिथं गाडी थांबलीच. चारही चाकांना ओढ असेल, आणि चालवणाऱ्यानं लो गिअर लावून सावकाश नेली, तर पुढची चाकं वाट कापत जातात आणि मागच्यांना थोडी दाबलेली जमीन मिळते. 2021 पासून मातोश्री पाणंद रस्ते योजनेत बऱ्याच शेतवाटांवर खडी-मुरूम पडला, पण वस्तीपासून त्या पक्क्या वाटेपर्यंतचा शेवटचा तुकडा अजून कितीतरी ठिकाणी काळ्या मातीचाच आहे.

या जुन्या गाड्यांची रचना दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला त्या गाड्या जोडायला सुरुवात केली आणि पुढं कितीतरी वर्षं इंजिन बदललं, बॉडी बदलली, तरी खालचा पाया बराचसा तोच राहिला. गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस, स्पायसर 18 या जुन्या नमुन्याची. तिच्यातून उजव्या अंगानं एक शाफ्ट पुढच्या डिफरन्शियलकडं आणि एक मागच्याकडं जातो. दोन लिवरं: एक पुढच्या चाकांचं, दुसरं हाय-लोचं. लोमध्ये ओढ साधारण अडीच पट होते, म्हणून एवढा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर पडू नये अशी आत सोय केलेली आहे; पुढचं लिवर टाकल्याशिवाय लो पडतच नाही. पुष्कळ मालक ‘लो पडंना गेलंय’ म्हणून येतात. त्यांना एवढं सांगितलं तरी काम संपतं, आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

या ट्रान्सफर केसमध्ये मधे डिफरन्शियल नसतं. फोर-व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. एक जितका फिरेल तितकाच दुसरा. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर तोडावं लागतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. लिवर घट्ट होतं, स्टिअरिंग जड होतं, आणि तसंच रेटलं तर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. म्हणूनच फोर-व्हीलची तक्रार घेऊन आलेल्या गाडीची परीक्षा मी हायवेवर घेत नाही. गॅरेजमागं ओढ्याच्या काठानं मातीची वाट आहे, तिथंच घेतो.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते वस्ताद 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर सास्तूरच्या बाजूला गेले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली, वर पाऊस लागला, आणि मदतीच्या गाड्या मातीत अडकू लागल्या. वस्तादांकडं काम एकच, गाड्या थांबू द्यायच्या नाहीत. सुटे भाग मिळत नव्हते. अशा वेळी खोलून बघण्याची चैन परवडत नाही. खोललेली गाडी म्हणजे कमी झालेली गाडी. तिथून ते एक शिस्त घेऊन आले आणि ती त्यांनी आमच्या अंगात मुरवली. ताकद गिअरबॉक्समधून निघते आणि टायरला पोचते; ती नेमकी कुठं हरवते हे बाहेरून ठरवायचं. ठरल्याशिवाय एकही नट सोडायचा नाही. गाडी आली की ते आधी चालवणाऱ्याशी बोलायचे, तेही हातात पाना न घेता.

भूम तालुक्यातली एक गाडी मला या शिस्तीसाठी कायम आठवते. लांब चासीची जुनी महिंद्रा, मागचा टप काढून तिथं लोखंडी हौदा बांधलेला. काम दुधाचं. वस्त्यांवरून 40 लिटरचे कॅन गोळा करायचे आणि खव्याच्या भट्टीवर पोचवायचे. भूमच्या बाजूला दूध आणि खवा हा शेतीइतकाच मोठा धंदा आहे. सोयाबीन गेलं तरी दुधावर घर चालतं. पण दूध थांबत नाही. उन्हाच्या तापात गाडी दोन तास अडकली तर कॅनमधलं दूध फाटतं आणि नुकसान एकट्या गाडीवाल्याचं नसतं, पंधरा घरांचं असतं.

गाडीमालक आबा आणि त्यांचा मुलगा, दोघंही आले होते. मी आबांना म्हटलं, “नेमकं काय होतंय तेवढं सांगा.”

“मिस्तरी, फोर-व्हील टाकली की गाडी पुढून धरायली बघा. आन् लिवर तर परत निघंना गेलंय.”

“धरती म्हणजे? जोर कमी पडतोय, का ब्रेक लागल्यावानी होतंय?”

मुलानं उत्तर दिलं. “ब्रेक लागल्यावानी. मागनं ढकलती अन् पुढनं आडवी येती. आन् चिखल जरा कमी असला की लिवर आपोआप उडतं.”

हे ऐकून मी जागेवरच थबकलो. ‘जोर लागत नाही’ ही तक्रार एका दिशेला नेते. ‘धरते’ ही अगदी दुसऱ्या. पुढच्या चाकांना ताकद पोचतच नसती तर धरायला काही कारणच नव्हतं. म्हणजे ताकद पोचत होती आणि वाटेत कशाशी तरी भांडत होती.

या गाडीवर आधी बराच खर्च झालेला होता. लिवर उडतं म्हणून ट्रान्सफर केसमधल्या गोळी-स्प्रिंग नव्या घातलेल्या, पुढं फोर्क बदललेला, पुढच्या शाफ्टचे क्रॉस तुटले म्हणून तेही नवे. ज्यांनी केलं त्यांनी काम वाईट केलं नव्हतं. स्प्रिंग खरंच नवी होती, फोर्क खरंच चांगला होता. पण लिवर उडतं ते कशानं? दात नीट धरत नसले तर उडतं, तसंच दातांवर सतत पीळ असला तरी उडतं. दुसऱ्या शक्यतेकडं कुणी पाहिलं नव्हतं.

पहिला तपास अगदी साधा. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, पुढचा ॲक्सल उचलून घोड्यांवर. इथं एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं तर डिफरन्शियलमधून ते सुटं फिरतं आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घरंगळते. नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी दाखवतो, कारण गाडीखाली तेच झोपणार असतात.

पुढची चाकं अधांतरी, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, फोर-व्हील टाकलेली. आता पुढचं एक चाक हातानं फिरवायचं. पलीकडचं चाक उलट्या दिशेनं फिरलं आणि मधला शाफ्ट जागेवर राहिला, तर ट्रान्सफर केसपासून दोन्ही हबांपर्यंत साखळी शाबूत आहे. फिरवलेलं चाक एकटंच फिरलं तर दोन्हीपैकी एका बाजूचा हब किंवा ॲक्सल गेला. शाफ्टही सोबत फिरायला लागला तर ट्रान्सफर केसमध्ये जोडच होत नाही. सगळं खोलून जे कळायला दिवस जातो, त्यातलं निम्मं या एका हाताच्या फेऱ्यात कळतं. आबांच्या गाडीत साखळी पूर्ण शाबूत निघाली.

मग टायर. 6.00-16 चे टायर, मागचे दोन जवळपास नवे, पुढचे झिजलेले. हे आमच्याकडं सर्रास चालतं. नवी जोडी मागं, कारण भार मागं. टू-व्हीलवर चालणाऱ्या गाडीला त्यानं फरक पडत नाही. फोर-व्हीलला पडतो. टायर एक सेंटीमीटर झिजला तर घेर सव्वासहा सेंटीमीटरनं कमी होतो, या मापाच्या टायरवर सुमारे पावणेतीन टक्के. टायरवर खडूनं खूण करून गाडी ढकलली, चाकाची एक पूर्ण फेरी जमिनीवर टेपनं मोजली. पुढची आणि मागची. फरक होता, पण तेवढ्यानं लिवर उडेल, क्रॉस तुटतील एवढा नव्हता. शिवाय पुढचे टायर लहान होते, म्हणजे एकाच अंतराला पुढच्या शाफ्टला जास्त फेऱ्या माराव्या लागत होत्या. दिशा बरोबर होती, मात्रा अपुरी होती. हा निकाल मला मोलाचा वाटला, कारण त्यानं पुढं कुठं बघायचं ते सांगितलं.

मागच्या ॲक्सलपाशी गेलो. हौसिंगवरचा रंग चासीच्या रंगाशी जुळत नव्हता.

“आबा, मागचा ॲक्सल बदललाय का हो?”

“तुटला व्हता ना मागं. भंगारातून आख्खी हौसिंगच आणून बसवली. ॲव्हरेज बी वाढलं त्यानं.”

ॲव्हरेज वाढलं, या शब्दांनी उरलेली शंका गेली. तरी मोजल्याशिवाय खोलायचं नाही. मागचं एक चाक उचललं, दुसरं जमिनीवर, ट्रान्सफर केस न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दगड. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ, टायरवर खडूची रेघ. एक चाक जमिनीवर अडवलेलं असलं की उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे डिफरन्शियलमधल्या क्राऊनची, मोठ्या दातेरी चक्राची, एक फेरी. आबांचा मुलगा खाली झोपून शाफ्ट मोजत होता, मी चाक फिरवत होतो. दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हा शाफ्ट पाचच्या थोडा अलीकडंच थांबला. मग तेच पुढच्या ॲक्सलला केलं. तिथं पाच फेऱ्या झाल्या आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त.

या धंद्यातल्या माणसाला एवढं पुरतं. पुढं आठ-त्रेचाळीस, मागं आठ-एकोणचाळीस. क्राऊनला फिरवणाऱ्या पिनियनला 8 दात दोन्हीकडं, पण क्राऊनला पुढं 43 आणि मागं 39. भागाकार केला तर पुढं 5.38, मागं 4.88. दोन्ही जोड्या याच कुळातल्या जीपांना येतात, दोन्ही हौसिंगा बाहेरून बघितल्या तर ओळखू येत नाहीत, आणि बोल्टही सगळे जुळतात. टू-व्हीलवर गाडी उत्तम चालते, हायवेला इंजिन कमी फिरतं म्हणून डिझेलही वाचतं. पण फोर-व्हील टाकली की दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरणार, आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के पुढं पळणार. चाकाच्या दर फेरीला शाफ्टमध्ये अर्ध्या फेरीचा फरक. या टायरवर किलोमीटरभरात चाक साधारण 440 वेळा फिरतं. म्हणजे एका किलोमीटरमध्ये 220 फेऱ्यांची ओढाताण. ती पातळ चिखलात चाकं घसरून सुटत होती. जमीन जरा घट्ट आली की सुटायला जागा नाही. मग क्रॉस तुटणार किंवा लिवर उडणार.

आबांना मी आकडे सांगितले. ते गाडीखाली वाकून बघत म्हणाले, “म्हंजी एक बैल चालका अन् एक रेंगाळणारा, असं जू हाय तर.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आता निर्णय. पुढची जोडी 39 ची करायची की मागची 43 ची? मुलाचं मन डिझेलकडं होतं. माझं मत स्पष्ट होतं आणि मी ते मांडलं. भरलेले कॅन घेऊन चढ चढायचा, काळ्या रानातून सावकाश काढायची, तर 43 च पाहिजे. ही गाडी हायवेवर पळायला घेतलेली नाही. आबा तयार झाले. बार्शीहून एका मोडीत निघालेल्या जीपची आठ-त्रेचाळीसची जोडी मिळाली. जोडीच घ्यायची असते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले असतात, दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो. एक इथला, एक तिथला लावला तर दात ओरडतात आणि थोड्याच दिवसांत खातात. बसवताना शेंदूर तेलात कालवून दातांना लावला, पिनियन फिरवून ठसा पाहिला. ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत शिम कमी-जास्त करत राहायचं. या कामात घाई करणारा मिस्तरी मला पटत नाही. संध्याकाळ झाली तर दिवा लावावा, पण ठसा कडेला असताना झाकण लावू नये.

पुढचं डिफरन्शियल नुसतं बघावं म्हणून झाकण काढलं, आणि बरं झालं. ऑइल चहाच्या रंगाचं, दुधाळ. पाणी शिरलेलं. हे आमच्या ओढ्यांचं काम. गाडी चालून हौसिंग तापलेली असते, ती एकदम थंड पाण्यात उतरते, आतली हवा आक्रसते. हौसिंगवर ब्रीदर असतो तो अशा वेळी बाहेरची हवा आत घेतो. तो बंद असला तर तीच ओढ सीलमधून पाणी आत घेते. आणि ब्रीदर बंद कशानं होतो? धुळीनं होतो, पण मी कितीतरी गाड्यांत कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर बघितलंय. उन्हाळाभर गाडी शेडमध्ये उभी, बारीक भोक दिसलं की ती आपला संसार मांडते. 2025 च्या सप्टेंबरात परंडा, भूमकडं अतिवृष्टी झाली, सीनेच्या काठची गावं पाण्यात गेली, त्यानंतर महिनाभर मी जवळजवळ फक्त ऑइल बदलत होतो. ज्यांचे ब्रीदर मोकळे होते, नळी लावून उंच नेलेले होते, त्यांच्या गाड्या निभावल्या. ज्यांचे बंद होते त्यांची बेरिंगं गंजली. एवढ्याशा नळीचं काम मी आता मालकानं सांगितलं नाही तरी करतो.

टायर चारही सारखे झाले. त्यासाठी आबांनी दोन नवे घेतले. मग गाडी ओढ्याकाठच्या वाटेवर नेली. रात्री पाऊस होऊन गेला होता. आबांच्या मुलाला चालवायला बसवलं, कारण तक्रार त्याच्या हातानं ओळखली होती आणि बरी झाली का हेही त्याच्याच हाताला कळणार होतं. पुढचं लिवर, मग लो, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय न मारता. गाडी गाळातून सरळ गेली. पलीकडच्या मुरमावर आल्यावर मी त्याला थांबायला सांगितलं आणि म्हटलं, “आता काढ लिवर.” दोन बोटांनी निघालं.

मी त्याला एक सवय लावून दिली. दर पंधरवड्याला, पाऊस असो-नसो, मुरमाच्या किंवा मातीच्या सरळ वाटेवर पाच मिनिटं फोर-व्हील टाकायची. लो पण टाकायचं. डांबरावर नाही, वळणावर नाही. त्यानं आतलं ऑइल पुढच्या दातांपर्यंत पोचतं, रॉड मोकळे राहतात, आणि बिघाड असलाच तर तो जानेवारीत कळतो, मृगात नाही. हे तो करतो, हे मला लिवरच्या हालचालीवरून दर खेपेला कळतं. पुष्कळ मालक करत नाहीत. नव्या फोर-व्हील गाड्या येतात त्यांत लिवरच्या जागी बटण आणि मोटर असते, बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो. तेही काम मी शिकतो आहे. पण न वापरलेली मोटर तिथंही गंजतेच, आणि बटणावरचा दिवा लागला म्हणून चाकाला ताकद पोचली असं तिथंही धरता येत नाही. चाक उचलून हातानं फिरवायला कोणत्याही स्कॅनरची हरकत नसते.

एक काम मात्र त्या गाडीपासून मी प्रत्येक जुन्या जीपला करायला लागलो. ॲक्सल उघडला की दातांचे आकडे ड्रायव्हरच्या बाजूला, चासीवर, पांढऱ्या रंगानं लिहून टाकतो: पुढं 8/43, मागं 8/43, खाली ऑइल बदलल्याची तारीख. उद्या गाडी विकली गेली, दुसऱ्या तालुक्यात गेली, दुसऱ्या मिस्तरीकडं गेली, आणि पुन्हा एखादी हौसिंग भंगारातून आणायची वेळ आली, तर त्यानं आधी ते वाचावं. आबांच्या गाडीवर तो रंग मी दोनदा गिरवलाय. दिवाळीनंतर ती पुढच्या चाकांच्या नकलची सीलं बदलायला यायची आहे.